दारू सुटल्यानंतरची रात्र

“दारू सोडून आज अकरा दिवस झाले, पण मी सलग दोन तास झोपलेलो नाही. यापेक्षा पीत होतो तेव्हाच बरा होतो.” माझ्या थोरल्या भावाने हे वाक्य पहाटे सव्वातीन वाजता, भोसरीतल्या त्याच्या घराच्या गॅलरीत उभे राहून मला फोनवर सांगितले. त्यानंतर त्याच्याबरोबर व्यसनमुक्तीच्या फॉलोअप बैठकींना जाऊ लागले, तेव्हा हेच वाक्य मी निरनिराळ्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटू लागले. या वाक्याचा पहिला भाग पूर्णपणे खरा आहे आणि त्याची कोणीही थट्टा करू नये. दुसरा भाग मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे त्या माणसाला व त्याच्या घरच्यांना नीट समजले, तर पुढचे काही महिने पुष्कळ सुसह्य होतात.

पीत असतानाची झोप खरोखर कशी होती, हे आधी पाहावे लागेल. एका क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर दारू असते. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की आणि रममध्ये अल्कोहोलचे प्रमाण ४२.८ टक्के असते, म्हणजे एका क्वार्टरमधून सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. यकृत ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने निकालात काढते. रोज पिणाऱ्यांचा वेग काहीसा जास्त असू शकतो, पण तरीही रात्री दहाला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटेपर्यंत अल्कोहोल उतरत असते. रात्रीच्या पूर्वार्धात त्याचा अंमल जबर असतो, त्यामुळे माणूस पडल्या पडल्या झोपतो आणि त्या वेळी स्वप्नांची झोप जवळजवळ दडपली जाते. अंमल उतरू लागला की उत्तरार्धात झोपेचे तुकडे पडतात, घसा कोरडा पडतो, छाती धडधडते आणि लघवीला उठावे लागते. तीन वाजताची ती जाग पिण्याच्या काळातही होतीच, फक्त सकाळपर्यंत ती आठवणीत राहत नसे. लवकर डोळा लागणे आणि चांगली झोप मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दारू त्यांपैकी फक्त पहिली देत होती.

आता दारू थांबल्यावर झोप एकदम का उडते ते पाहू. आपल्या मेंदूत पेशींना शांत करणारे एक रसायन काम करते, त्याचे नाव गाबा. आणि पेशींना चेतवणारे दुसरे रसायन असते, त्याचे नाव ग्लुटामेट. अल्कोहोल गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. हे रोज, वर्षानुवर्षे होत राहिले की मेंदू स्वतःला जागे ठेवण्यासाठी उलट बाजूने जोर लावू लागतो: गाबाला दाद देणे कमी करतो आणि ग्लुटामेटची यंत्रणा वाढवतो. गणेशोत्सवातल्या स्पर्धांमध्ये रस्सीखेच आपण सर्वांनी पाहिली आहे. दोर एका बाजूने दारू ओढत होती आणि दुसऱ्या बाजूने मेंदू टाचा रोवून उभा होता; ज्या दिवशी दारूने दोर सोडला, त्या दिवशी मेंदू स्वतःच्याच जोराने मागे कोसळला. रात्रभर टक्क जागे राहणे, घामाने बनियन भिजणे, क्षुल्लक आवाजाने दचकणे ही त्या कोसळण्याची लक्षणे आहेत. शरीराला दारू हवी होती, असा त्यांचा अर्थ होत नाही. मेंदूने लावलेला जोर त्याला स्वतःला हळूहळू सैल करावा लागतो, आणि ते काम एका आठवड्यात होत नाही.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. रोज आणि बराच काळ भरपूर पिणाऱ्या माणसाने, विशेषतः सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात त्याने, घरच्या घरी एका दिवसात दारू बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच थरथर, घाम, उलट्या आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात, दिवस-रात्रीचे भान सुटते, ताप चढतो. ही शेवटची अवस्था जीवघेणी असू शकते. असा माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागला, तर “झोप नाही म्हणून बडबडतोय” असे समजून सकाळची वाट पाहू नये, त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. तिथे ठरावीक औषधे उतरत्या प्रमाणात आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षितपणे पार करता येतो. पुण्यात त्यासाठी ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तर २९ ऑगस्ट १९८६ पासून हे काम करीत आहे. कुठे जावे हेच सुचत नसेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन निःशुल्क आहे.

पहिला आठवडा उलटला की जिवाचा धोका बहुतांशी टळतो, आणि नेमके तेव्हापासून घरच्यांना वाटू लागते की आता सगळे सुरळीत व्हायला हवे. झोपेचा हिशेब मात्र वेगळा चालतो. पुष्कळ जणांना दोन ते पाच आठवड्यांत बराच फरक जाणवतो, तरीही डोळा लागायला वेळ लागणे, झोप हलकी असणे आणि मधूनच जाग येणे हे काही महिने टिकू शकते. गाढ झोपेचे प्रमाण पूर्ववत व्हायला काहींना वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. ही सुधारणा सरळ रेषेत होत नाही: चार रात्री चांगल्या जातात आणि पाचव्या रात्री पुन्हा पहिल्या आठवड्यासारखे होते. दादाला सर्वांत जास्त खचवले ते या पाचव्या रात्रीने. “परत मागे गेलो” असे त्याला वाटे. त्याच्या समुपदेशकाने त्याला एक साधी वही घालायला सांगितली, तीत रोज सकाळी झोपण्याची अंदाजे वेळ, किती वेळा जाग आली आणि उठण्याची वेळ एवढेच लिहायचे. तीन आठवड्यांनी ती वही समोर ठेवल्यावर दिसले की वाईट रात्री येत होत्या, पण त्यांच्यामधले अंतर वाढत होते. ही गोष्ट पहाटे तीन वाजता अंथरुणात पडून कोणालाही दिसत नाही.

स्वप्नांविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण त्याबद्दल माणसे लाजेने बोलत नाहीत. दारूने दडपलेली स्वप्नांची झोप दारू थांबताच उसळून परत येते, आणि मग अत्यंत जिवंत, अनेकदा भीतीदायक स्वप्ने पडतात. त्यांतले एक स्वप्न जवळजवळ सर्वांच्या ओळखीचे असते: आपण पुन्हा प्यायलो आहोत. जाग येते तेव्हा जिभेवर चव असल्याचा भास होतो, छातीत अपराधीपणा दाटलेला असतो आणि खरेच प्यायलो की काय हे समजायला काही क्षण जातात. हे स्वप्न म्हणजे स्लिप, म्हणजे खरोखर पुन्हा पिणे, नव्हे, आणि मनात दारूची ओढ लपून बसली असल्याचा पुरावाही नव्हे. बैठकीत एका वयस्क गृहस्थांनी असे स्वप्न मोठ्याने सांगितले, तेव्हा समोर बसलेल्या निम्म्या माणसांनी मान डोलावली. त्या दिवशी दादाच्या चेहऱ्यावर जी सुटका मी पाहिली, तिच्यासाठी तरी हा परिच्छेद लिहिणे मला आवश्यक वाटते.

निद्रानाशाला इतके महत्त्व द्यायचे कारण असे की, दारू सोडल्यानंतर झोपेची तक्रार तीव्र असलेल्यांमध्ये पुन्हा पिणे सुरू होण्याचा धोका अधिक आढळतो. पहाटे तीनला दुकान उघडे नसते. धोका असतो तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेव्हा थकलेला, चिडलेला माणूस परमिट रूमवरून घरी जात असतो आणि त्याला वाटते की आजची एकच रात्र झोप मिळाली तर बरे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांपासून सावध राहायला सांगतात, आणि न झोपलेल्या माणसाला त्यांतल्या निदान दोन तरी चिकटलेल्या असतात.

मग करायचे काय? दीर्घकाळच्या निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलण्याची एक उपचारपद्धती आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांसाठी गोळ्यांच्या आधी हाच उपचार करावा, अशी शिफारस केली. तिच्या मुळाशी असलेली एक कल्पना रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडली होती. माणूस रात्रीमागून रात्री अंथरुणात तळमळत पडला की मेंदू अंथरुणाची सांगड तळमळण्याशी घालतो. म्हणून झोप येत नसेल तर अंथरुणातून उठावे, आणि पेंग आल्यावरच परत जावे. अंदाजे वीस मिनिटे गेली असे वाटले की उठावे, घड्याळ मात्र पाहू नये, ते भिंतीकडे तोंड करून ठेवावे. मोबाइलही हाती घेऊ नये. एका खोलीत चौघे झोपतात अशा घरात उठून जायचे कुठे, हा प्रश्न पुण्यातल्या असंख्य घरांत खरा आहे. अशा वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला चटई टाकून बसले तरी चालते, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ खुर्ची ठेवली तरी चालते. महत्त्व आहे ते गादी सोडण्याला. ज्या घरांत दिवसा गाद्या गुंडाळून ठेवतात, त्यांना तर हा उपचार आयताच साधतो: झोपेची वेळ होईपर्यंत गादी घालायचीच नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उठण्याची वेळ. झोपायची वेळ आपल्या हाती नसते, उठायची असते. रात्र कशीही गेली तरी सकाळी एकाच वेळी, समजा सहाला, उठायचे, रविवारीही. रात्री झोप झाली नाही म्हणून नऊपर्यंत लोळले की त्या दिवसाची झोपेची भूक पुरेशी साठत नाही आणि पुढची रात्र आदल्या रात्रीसारखीच जाते. उठल्यावर उजेडात जाणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपचार आहे, कारण सकाळचा प्रकाश डोळ्यांवाटे शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण देतो आणि त्यावरूनच रात्रीची झोप ठरते. पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, ज्याला जे जवळ असेल ते चालेल. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा अंधारात चालून परतण्यापेक्षा थोडे उशिरा निघावे. दुपारी फारच असह्य झाले तर तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यावी, त्यापुढे नको.

याच पद्धतीचा आणखी एक भाग म्हणजे अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करणे. जो नऊ तास पडून राहतो आणि साडेपाच तासच झोपतो, त्याने काही आठवडे सहाच तास गादीवर राहायचे, म्हणजे झोप विखुरण्याऐवजी एकवटते, आणि मग वेळ हळूहळू वाढवायची. हा उपाय गुणकारी आहे, पण पहिल्या काही आठवड्यांत तो स्वतःच्या मनाने करू नये. ज्याला कधी फिट आली आहे, ज्याला उन्माद-नैराश्याचा आजार आहे, जो प्रेस मशीनवर काम करतो किंवा रोज नाशिक फाट्यावरून दुचाकी चालवतो, त्याने तर तज्ज्ञाला विचारूनच तो करावा, कारण सुरुवातीला पेंग वाढते.

चहाविषयी पुणेकराला काही सांगणे अवघड आहे. दारू सुटली की संध्याकाळी हात रिकामा होतो आणि त्या हातात अमृततुल्यचा कप येतो. मित्रांबरोबर उभे राहण्याचे ते एकमेव सुरक्षित ठिकाण असते, म्हणून ते बंद करा असे मी कोणालाही सांगणार नाही. तिथे उभे राहावे, गप्पा माराव्यात, पण दुपारी दोननंतर दूध, लिंबू सरबत किंवा दुसरे काहीतरी घ्यावे. चहा-कॉफीतले कॅफिन निम्मे व्हायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातच्या चहातले निम्मे कॅफिन मध्यरात्रीच्या सुमारास शरीरात असते. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांतले निकोटीन उत्तेजकच आहे; रात्री जाग आल्यावर तंबाखूचा बार भरणे म्हणजे मेंदूला उठण्याची हाक देणे होय. जेवण आठच्या सुमारास आटोपावे. पिण्याच्या दिवसांत अकराला जेवणाऱ्याचे पोट सुरुवातीला कुरकुर करते, मग बदलाला सरावते.

पाळ्यांची नोकरी हा मात्र खरोखर बिकट प्रश्न आहे. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत पाळी आठवड्याला बदलते, हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम चालते, आणि रात्रपाळीहून आल्यावर उजेडात झोप यावी म्हणून घेतलेली एक क्वार्टर हीच अनेकांच्या व्यसनाची सुरुवात असते. दादाचीही तीच होती. डॉक्टरांचे पत्र देऊन निदान तीन-चार महिने एकच पाळी मागून घ्यावी. दारूचा उल्लेख न करता निद्रानाशाचा उपचार चालू आहे, एवढे लिहिलेलेही पुरते. ते शक्य नसेल तर घरी येताच खोलीत पूर्ण अंधार करावा, कानात बोळे घालावेत, आणि पाळी कोणतीही असो, झोपेच्या आधीचा अर्धा तास रोज एकाच क्रमाने घालवावा.

गोळ्यांच्या बाबतीत मी सर्वांत जास्त काळजीने लिहिते आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या मेंदूतल्या त्याच गाबाच्या यंत्रणेवर काम करतात जिच्यावर दारू करीत होती. म्हणून त्या इतक्या लवकर लागू पडतात आणि म्हणूनच त्यांची सवयही लागते. झोल्पिडेमचेही असेच आहे. रुग्णालयात विथड्रॉवलच्या, म्हणजे दारू थांबल्यावर होणाऱ्या त्रासाच्या, काळात याच गटातली औषधे डॉक्टर मोजून देतात आणि मोजून बंद करतात, त्यांना घाबरण्याचे कारण नाही. घाबरायचे ते शेजारच्या काकूंनी दिलेल्या अर्ध्या स्ट्रिपला. यांतल्या अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम कायद्याने अनुसूची एच-१ या कडक नियमांच्या यादीत आहेत आणि २०१४ पासून दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते, ते उगाच नव्हे. दारू आणि या गोळ्या एकाच रात्री पोटात गेल्या तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. सवय न लावणारी काही औषधे आज उपलब्ध आहेत, पण त्यांची निवड मानसोपचारतज्ज्ञाने करायची, आणि त्यांना पिण्याचा इतिहास न लपवता सांगायचा.

ज्याबद्दल फारसे बोलले जात नाही अशी एक गोष्ट म्हणजे आयुर्वेदिक आसवे आणि अरिष्टे. ती आंबवूनच तयार होतात आणि त्यांत १२ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल आपोआप निर्माण झालेले असू शकते. “शांत झोपेसाठी चांगले” म्हणून प्रेमाने आणलेली अश्वगंधारिष्टाची बाटली दारू सोडलेल्या माणसाच्या हाती देऊ नये. होमिओपॅथीची काही द्रव औषधे आणि काही खोकल्याची औषधे यांतही अल्कोहोल असते, त्यामुळे बाटलीवरचा मजकूर वाचण्याची सवय लावावी. जो दारूपासून दूर राहण्यासाठी डायसल्फिरामची गोळी घेतो त्याला तर एवढ्याशा अल्कोहोलनेही चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या आणि रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो.

दोन-तीन महिन्यांनंतरही झोप अजिबात सुधारत नसेल, तर दारूखाली झाकलेले दुसरे काही आहे का हे तपासावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसभर पेंगणे ही स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराची, लक्षणे आहेत. रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन न पडणे हे लोहाच्या कमतरतेमुळेही होते आणि साध्या रक्ततपासणीत ती कळते. रोज पहाटे चारला जाग येऊन सगळे संपल्यासारखे वाटत असेल तर ते नैराश्य असू शकते, त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर सकाळपर्यंत एकट्याने थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी घरातल्या दुसऱ्या जागरणाविषयी. वहिनी कित्येक वर्षे दाराच्या कडीकडे कान लावून झोपत होती. दादा कधी येतो, कसा येतो, हे कळेपर्यंत तिचा डोळा लागत नसे. त्याचे पिणे थांबल्यावरही तिचे कान तसेच राहिले. रात्री तो उठला की ती उठायची, “कुठे चाललास?” असे विचारायची. त्याला तो अविश्वास वाटायचा, तिला ती काळजी वाटायची, आणि मग दोघांचीही रात्र जायची. बैठकीतल्या ताईंनी त्यांना दिवसाउजेडी बसवून एक गोष्ट ठरवून घ्यायला लावली: रात्री जाग आली तर तो गॅलरीतल्या खुर्चीवर बसेल, दाराची कडी काढणार नाही, आणि तो खुर्चीवर आहे हे दिसले की ती काहीही विचारणार नाही. सकाळी उठल्या उठल्या “झोप लागली का?” हा प्रश्नही घरात कोणी विचारायचा नाही असे ठरले, कारण त्या प्रश्नाने झोप ही रोजची परीक्षा होऊन बसते. वहिनीच्या झोपेची चौकशी मात्र आम्ही कोणीच केली नव्हती, मीसुद्धा नाही. मुक्तांगणमध्ये व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. अशा ठिकाणी तिनेही जायला हवे, हे आम्हाला पाच महिन्यांनी सुचले, ते पहिल्याच आठवड्यात सुचायला हवे होते.